सुरू होतानाच गोठणारा संगणक

प्रश्न : घरचा संगणक कंपनीच्या बोधचिन्हावरच गोठतो. विंडोज नव्याने टाकावी काय?

उत्तर : बोधचिन्हावरच संगणक अडत असेल, तर बहुधा विंडोजची पाळी अजून आलेलीच नसते, त्या वेळी बायोस, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला प्राथमिक प्रोग्राम, रॅम, डिस्क व जोडलेली उपकरणे तपासत असतो आणि एखाद्याने प्रतिसाद दिला नाही, की तिथेच खोळंबतो. म्हणून आधी कीबोर्ड वगळता सर्व यूएसबी उपकरणे काढावीत. तेवढ्याने न भागल्यास वीजजोडणी तोडून रॅमच्या पट्ट्या एकेक करून बसवून पाहाव्यात. डिस्कची केबल काढताच बायोसचा पडदा उघडत असेल, तर संशय डिस्कवर किंवा केबलवर घ्यावा. अशा वेळी विंडोज टाकण्याची घाई सर्वांत घातक ठरते. आधी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फोटो व कागदपत्रे उतरवून घ्यावीत.