हॉलसाहेबांच्या वाटेनें : तरुणांसाठीं पाठ

शास्त्रपाठ : लेवीय २३ : ३९-४३, यहोशवा ४ : १-७.

पूर्वजांची वाट पुन्हां चालून पाहणें ख्रिस्ती मनुष्यास शोभतें काय, असा प्रश्न कांहीं मंडळ्यांत निघतो. आपण यात्रा सोडिल्या, आतां पुन्हां दिंडी कशाला, असें वडील माणसें म्हणतात. त्यांची शंका पोकळ नाहीं. चालल्यानें पुण्य लाभतें असें ज्यास वाटत असेल त्यानें घरींच बसावें. पण आठवणीसाठीं चालणें निराळें. इस्राएल लोकांस वतनाचा देश मिळाल्यावरहि वर्षांतून सात दिवस त्यांनीं मांडवांत राहावें असें परमेश्वरानें ठरविलें. तें अशासाठीं कीं, रानांतला प्रवास ज्यांनीं पाहिला नाहीं त्या पिढ्यांसहि तो कळावा.

अमेरिकेंत लॅटर-डे सेंट्स पंथाचे तरुण असेंच करितात. १८५६ ते १८६० या वर्षांत त्या पंथाचे सुमारे ३००० लोक, दहा टोळ्या करून, हातगाड्या ओढीत सॉल्ट लेक शहराकडे चालत गेले. पहिल्याच वर्षीं उशिरां निघालेल्या दोन टोळ्यांस बर्फानें गांठलें व २०० हून अधिक माणसें मेलीं. आज तेथील मुलेंमुली जुना पोशाख करून तशाच गाड्या ओढितात. त्यांचें मत आपलें नव्हे. रीत मात्र विचार करण्याजोगी आहे.

आपल्या प्रांतांतहि अशी एक वाट आहे. गॉर्डन हॉल हे सॅम्युएल नॉट यांजबरोबर फेब्रुवारी १८१३ मध्यें मुंबईस उतरले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तोच. मार्च १८२६ च्या आरंभीं हॉलसाहेब दोन ख्रिस्ती मुलांस घेऊन नाशिकाकडे निघाले. तेथें पटकी माजली होती. त्यांनीं पुस्तकें वांटिलीं, आजाऱ्यांस औषध दिलें, आणि देतां देतां जवळचें औषध सरत आलें. परततांना १९ तारखेच्या रात्रीं ते एका खेड्यांतील देवळाच्या ओट्यावर निजले. तेथें आधींच आजारी माणसें पडलेलीं होतीं. पहांटे उठून निघतात तों पटकीनें त्यांस धरिलें, व २० मार्च रोजीं दुपारच्या सुमारास ते मरण पावले. बेचाळीस वर्षें अजून पुरीं व्हावयाचीं होतीं. पत्नी दूर अमेरिकेस होती.

आतां बरोबरच्या मुलांकडे पाहा. घर दूर, गांव परकें, सांथीचें भय. तरी ह्या सोबत्यांनीं प्रेत कांबळ्यांत गुंडाळून पुरलें. इतिहासांत साहेबांचें नांव राहिलें. मुलांविषयीं बहुधा "दोन ख्रिस्ती मुलें" एवढेंच लिहिलेलें असतें.

आपल्या खेड्यांतून कामधंद्यासाठीं गेलेलीं कित्येक कुटुंबें आज मीरा रोड व भाईंदर येथें राहतात. तेथील तरुणांनीं स्टेशनापासून काशीमिऱ्यावरून घोडबंदरच्या जुन्या किल्ल्यापर्यंत चालावें. ही वाट हॉलसाहेबांचीच असें समजूं नये; पण पुढें हाच रस्ता ठाण्यास जाऊन नाशिकच्या महामार्गास मिळतो. कोणींहि साहेबाची टोपी घालूं नये. नाटक झालें म्हणजे एक जण साहेब होतो व बाकीचे त्याचें ओझें वाहतात, आणि खरी गोष्ट तेथेंच हरवते. सर्वांनीं त्या दोन मुलांच्या जागीं चालावें.

ओझें असावें, पण तें जलसंजीवनीच्या पाकिटांचें. पटकींत मनुष्य मरतो तो मुख्यतः अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यानें, हें हॉलसाहेबांच्या काळीं वैद्यांस पुरतें ठाऊक नव्हतें. १९७१ सालीं बांगलादेशच्या निर्वासितांत बनगांवच्या छावणींत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं मीठ व ग्लुकोज घातलेलें पाणी पाजविलें, आणि शेंकडा ३० च्या सुमारास असलेलें मृत्यूचें प्रमाण ४ च्या आंत आलें. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. चमच्यांत चूक होऊं देऊं नये, मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. वाटेवरील वस्त्यांत हें सांगावें, करून दाखवावें, आणि आजारी फार गळला असेल तर दवाखान्यांत न्यावा असेंहि सांगावें.

मार्च महिन्यांत ऊन कडक असतें, म्हणून उजाडण्यापूर्वींच निघावें. त्या रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ फार आहे. एकामागें एक, कडेनें चालावें, आणि लहान मुलांस आणूं नये. किल्ल्यापाशीं उपदेशकांनीं यहोशवाचा अध्याय वाचावा व एवढेंच विचारावें : त्या सकाळीं ओट्यावर तुम्ही असतां, तर आधीं काय केलें असतें?