उंबराचे फूल

जास्वंदीचे फूल हाती घेतले, तर त्याचे सर्व भाग उघड्या डोळ्यांनी दिसतात. बाहेर हिरवा संवर्त, त्याच्या आत पाकळ्यांचा पुष्पमुकुट, मध्यभागी केसरदलांची नळी आणि तिच्या टोकातून डोकावणारे पाच मखमली ठिपके. हे ठिपके म्हणजेच किंजल्क. परागकण किंजल्कावर पोहोचणे म्हणजे परागण होय. मग परागनलिका किंजलातून उतरून किंजपुटातील बीजकापर्यंत जाते आणि बी धरते.

उंबराच्या बाबतीत ही सारी सामग्री दृष्टीआड असते. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. हिंदी भाषिकही ‘गूलर का फूल’ असेच म्हणतात. वस्तुतः उंबराला फुलांची वाण नाही. ज्याला आपण फळ समजतो, त्या पोकळ कुंभाच्या आतल्या भिंतीवर ती दाटीने बसलेली असतात. या फुलोऱ्याचे ‘कुंभासनी’ हे शास्त्रीय नाव मोठे समर्पक आहे.

येथे वाऱ्याला वाव नाही आणि मधमाशीलाही नाही. कुंभाच्या तोंडाशी खवल्यांनी मिटलेले छिद्र असते. त्यातून अंग चोरून आत शिरते ती केंबरांची मादी, गांधीलमाशीची एक अतिसूक्ष्म नातेवाईक. शिरताना तिचे पंख तुटून पडतात. परतीचा मार्ग तिला उरतच नाही. दुसऱ्या झाडाच्या कुंभातून आणलेला पराग ती किंजल्कांवर टाकते आणि किंजलात सोंड खुपसावी तशी आपली नळी खुपसून अंडी घालते. आखूड किंजलाच्या फुलांत तिची नळी तळापर्यंत पोहोचते व तेथे अळी वाढते. लांब किंजलाच्या फुलांत सहसा पोहोचत नाही, आणि तेथे बी धरते. अशी ही वाटणी आहे.

काही आठवड्यांनी प्रथम बिनपंखी नर बाहेर पडतात. ते माद्यांशी संयोग करतात, भिंत पोखरून वाट करतात आणि मरतात. नेमक्या याच वेळी तोंडाजवळची पुंपुष्पे पिकलेली असतात. नव्या माद्या पराग छातीवरील खोबणीत भरून घेतात आणि कोवळे कुंभ असलेले दुसरे झाड शोधू लागतात. त्यासाठी त्यांच्या हाती जेमतेम एकदोन दिवस असतात. ‘उंबर फोडून केंबरे उडविणे’ ही म्हण झाकले वर्म उघड करण्याविषयी आहे. वनस्पतिशास्त्राचे काम नेमके तेच!

या जोडीतील एक नसला म्हणजे काय होते, याचा अनुभव कॅलिफोर्नियातील बागाइतदारांनी घेतला. तुर्कस्तानातील स्मिर्ना जातीच्या अंजिराची झाडे त्यांनी १८८० नंतर लावली. झाडे वाढली, परंतु कोवळी फळे गळून जात. या जातीत केवळ स्त्रीपुष्पे असतात, आणि पराग आणणारे केंबर तेथे नव्हते. तुर्की शेतकरी रानटी अंजिरे ओवून झाडांवर टांगतात, ही हकीकत अनेकांना भाकडकथा वाटली. अखेर १८९९ मध्ये फ्रेझ्नो येथे आणलेली केंबरे रुजली आणि फळे टिकू लागली.

पुण्याजवळच्या पुरंदर भागातील अंजीर खाणाऱ्याने मात्र बिचकण्याचे कारण नाही. ती जात परागणावाचूनच पोसते. तिच्या बिया पोकळ असतात, म्हणून तिची लागवड फांद्यांच्या छाटांपासून करतात.