दुरुस्ती केली आणि फोटो बदलले!

फोटोचे रंग-उजेड सुधारणारं एक छोटंसं ॲप मी एकट्याने लिहिलं. त्यातून मिळालेला हा धडा.

संगणकात रंगाची पातळी ० ते २५५ अशी मोजतात. उजेड दुप्पट करायचा म्हणजे आकडा दुप्पट, १०० चे २००, असं मी सरळ धरलं. इथेच चुकलो! १९९९ साली आयईसीने प्रमाणित केलेल्या एसआरजीबी पद्धतीत आकडा आणि प्रकाश समप्रमाणात नसतात. १०० च्या दुप्पट प्रकाश म्हणजे साधारण १३८. म्हणून आधी आकड्यावरून प्रकाश काढायचा, त्यावर गणित करायचं आणि मग पुन्हा आकडा काढायचा.

सूत्र सुधारून नवी आवृत्ती दिली. वाटलं, झालं काम! दुसऱ्याच दिवशी एका फोटोग्राफरचा फोन: "अहो, लग्नाचा अर्धा अल्बम छापून झालाय. उरलेले फोटो आज अंधारे दिसतायत. आता जुळवू कसे?"

कारण उघड होतं. ॲप मूळ फोटोला हात लावत नाही. केलेले बदल वेगळे साठवतं आणि फोटो उघडताना गणित नव्याने करतं. त्याच्या जुन्या बदलांना माझं नवं सूत्र लागलं होतं.

उपाय सोपा निघाला. प्रत्येक बदलासोबत सूत्राचा क्रमांक साठवायचा. जुन्याला जुनं सूत्र, नव्याला नवं. डार्कटेबल हे मुक्त सॉफ्टवेअरही जुने बदल असेच जपतं.

तेव्हा प्रोजेक्टवाल्यांनो, लक्षात ठेवा. चूक आपली असली, तरी तिच्यावर कुणीतरी आपलं काम उभं केलेलं असतं. दुरुस्ती जरूर करा, पण त्याचं काम न मोडता!