व्हायरस काढणाऱ्या हातांना काम आहे

"आमचो झील दिसभर कंप्युटरार बसता, ह्येतून पोट भरतला?" सिंधुदुर्गातल्या आरोंद्याकडच्या आईबापांना पडणारा हा प्रश्न रास्त आहे. मुलाला किंवा मुलीला यंत्र आतून कसे चालते याचे खरे कुतूहल असेल, तर माझे उत्तर 'होय' आहे.

पुण्याचे कैलास काटकर दहावीपुढे शिकले नाहीत. कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुकानात येणारी कितीतरी यंत्रे व्हायरसने बिघडलेली असत. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी ती यंत्रे साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून 'क्विक हील' ही कंपनी उभी राहिली आणि 2016 मध्ये शेअर बाजारात आली.

यंत्रणा सुरक्षित ठेवण्याचे हे काम किती जोखमीचे आहे ते ऑगस्ट 2018 मध्ये दिसले. एटीएमने पैसे देण्याआधी बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारायचे असते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेत चोरांनी मालवेअर घुसवून मधेच खोटी यंत्रणा बसवली आणि तीच कार्डांना मंजुरी देत राहिली. सुमारे 94 कोटी रुपये गेले; 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, कोल्हापुरातूनही निघाले. अशा घुसखोरीचा माग काढणारी माणसे बँकांना हवीच असतात.

रोजचे काम मात्र चिकाटीचे आहे. तेरेखोल खाडीकाठच्या एखाद्या होमस्टेची वेबसाइट घ्या. कुणीतरी वर्डप्रेसवर करून दिलेली, पुढे कुणी अपडेट न केलेली. जुन्या प्लगइनच्या फटीतून परका कोड आत शिरतो आणि बुकिंगला आलेला पाहुणा जुगाराच्या पानावर जाऊन पडतो. मालकाला पत्ता नसतो, कारण असा कोड पुष्कळदा गूगलवरून येणाऱ्यालाच तिकडे वळवतो. मग ब्राउझर लाल इशारा दाखवू लागतो आणि पाहुणे तुटतात. साफ करणाऱ्याने एकेक फाइल मूळ प्रतीशी ताडायची, लपवलेली चोरवाट शोधायची, पासवर्ड बदलायचे, फट बुजवायची. चोरवाट राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. अ‍ॅप तपासणाराही असेच प्रश्न विचारतो: बॅटरीचा उजेड पाडणाऱ्या अ‍ॅपला तुमचे एसएमएस कशाला वाचायचे आहेत?

या कामाकडे जाणारी वाट अवघड नाही. दहावीनंतर कॉम्प्युटरची पदविका (चौकशी मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनापासून सुरू करा), नाहीतर बारावीनंतर बीएस्सी आयटी किंवा इंजिनिअरिंग. पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संस्थेचा कॉम्प्युटर सुरक्षेवरचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. त्याला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. 'तीन महिन्यांत हॅकर' अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका.

"पोर पोलिसांच्या लफड्यात तर पडणार नाही?" ही भीतीही खोटी नाही. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय, अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तपासणी भल्यासाठी केली असली, तरी परवानगी नसेल तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. म्हणून सराव स्वतःच्या कॉम्प्युटरवर करायचा, आणि गावातल्या ओळखीच्या माणसाची वेबसाइट असली तरी आधी लेखी परवानगी घ्यायची. ही सवय ज्याला लागली नाही, त्याने या क्षेत्रात येऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पालकांना एकच विनंती. मोठी फी भरण्याआधी मुलांना सहा महिने लिनक्स, नेटवर्किंग आणि पायथन शिकू द्या. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण मंचावर असे अभ्यासक्रम फुकट बघता येतात. तेवढे दिवस मन टिकले, तर खुशाल फी भरा.