दत्तक मूल आणि खर्चाचा हिशेब

मूल दत्तक घेणे हे पैसेवाल्यांचे काम, असा समज आपल्या तिरोडा भागातील खेड्यांत अजून आढळतो. त्यामुळे मूल नसलेली माणसे सरकारी वाट सोडून ‘ओळखीतून’ काही जमते का ते पाहतात. वास्तविक तीच वाट सर्वांत महाग आहे.

नात्यातले मूल १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने घेता येते. आईबापांनी मूल द्यावे, दुसऱ्यांनी घ्यावे आणि दत्तकपत्राची नोंदणी करावी. दत्तहोम कायद्याने आवश्यक नाही; लोक मात्र होम व जेवणावळीतच कर्ज काढतात! मुलाच्या बदल्यात पैसे देणे-घेणे हा या कायद्याने गुन्हा आहे.

अनाथ किंवा सोडून दिलेले मूल ‘कारा’ या केंद्रीय संस्थेकडे नाव नोंदवूनच मिळते. २०१७ च्या नियमावलीत गृहभेटीच्या अहवालाला ६,००० रुपये, संस्थेच्या बालसंगोपन निधीला ४०,००० आणि नंतरच्या दोन वर्षांतील चार भेटींना प्रत्येकी २,००० रुपये ठरवले होते. म्हणजे एकूण ५४,०००. धानाच्या शेतीवर जगणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही. परंतु ती ठरलेली आहे, आणि तिची पावती मिळते. शिवाय सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

याउलट दलालाला दिलेल्या पैशाला हिशेब नाही. मूल विकणे वा विकत घेणे याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड आहे. मूल परत घेतले जाते ते वेगळेच.

दुसरा खर्च काळाचा. लहान मुलासाठी कित्येक वर्षे थांबावे लागते, आणि दोन वर्षांखालील मूल हवे असेल तर पतिपत्नींच्या वयांची बेरीज ८५ च्या वर चालत नाही. तेव्हा चाळिशी ओलांडेपर्यंत वैदू-देवऋषींकडे पैसा घालवणाऱ्यांची वाट आपोआप अरुंद होते.

तिसरा खर्च समाज वसूल करतो. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला, १८८७ च्या मृत्युपत्रात त्याला वारस केले. तरीही १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे धरण्याचा त्याचा हक्क नातलगांनी नाकारला. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. पुढे यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात त्याने रुग्णांची सेवा केली.

ज्यांना चौकशी करायची असेल त्यांनी गोंदियाच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावे. तेथे विचारण्याला पैसे पडत नाहीत.