काचेच्या पोटात ओपल

काचेच्या लोलकात ओपल बसवायचा, तर अर्धं काम बर्नर पेटवण्याआधीच ठरतं. शुक्राचं रत्न म्हणून आपल्याकडे अंगठीत घालतात तो ओपल इथे चालत नाही. नैसर्गिक ओपलमध्ये पाणी असतं, बहुधा वजनाच्या ३ ते १० टक्के. आच लागली की खडा तडकतो, कधी फुटून उडतो. म्हणून कृत्रिम ओपल घ्यायचा. फ्रान्सच्या पिएर गिल्सन यांनी तो १९७४ मध्ये बाजारात आणला. काचकलाकार आजही त्याला गिल्सन ओपलच म्हणतात. मात्र दागिन्यांसाठी विकले जाणारे बरेच कृत्रिम ओपल रेझिन मुरवलेले असतात आणि रेझिन आचेत जळतं. ‘ज्योतीत चालणारा’ असं विक्रेत्याकडून स्पष्ट वदवून घ्या. तरीही एक खडा भट्टीत हळूहळू ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाहाच. धूर आला किंवा खडा काळवंडला, तर तो माल परत करा.

काच बोरोसिलिकेट हवी, प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रांची असते ती. ओपल म्हणजे सिलिका. ती तापल्यावर फारच थोडी प्रसरण पावते. बोरोसिलिकेटही कमी प्रसरण पावते. मण्यांची मऊ काच तिच्या सुमारे तिप्पट. मऊ काचेत ओपल घातला, तर थंड होताना काच जास्त आकसते आणि तडे जातात.

अमेरिकन डायमंडचं उलट आहे. त्याचं प्रसरण मऊ काचेच्या जवळचं, त्यामुळे लहान खडा तिथे बरा टिकतो. पण पैलूदार खडे काचेत बुडवायला मी फारसं सुचवत नाही. पैलूंची चमक खड्याभोवतीच्या हवेमुळे खुलते. तिथे काच आली की चमक उतरते. कृत्रिम माणकाचं तर तेज बरंच जातं. ओपलचे रंग आतून येतात, प्रकाशाच्या तरंगलांबीशी मिळत्याजुळत्या मापाच्या सिलिकागोळ्यांच्या शिस्तशीर रचनेतून. काचेने वेढल्यावरही ते तसेच राहतात. काचेत घालायला ओपलइतका योग्य खडा दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता कृती. सुरुवातीला ४-५ मिलिमीटरचा खडा पुरे. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका, कारण तेलाचा डाग काचेखाली कायमचा राहतो. खडा भट्टीत हळूहळू ५०० अंशांपर्यंत गरम करून तिथेच राहू द्या. खोलीत खेळती हवा हवी, डोळ्यांवर बोरोसिलिकेटच्या कामाचा गडद चष्मा हवा.

ऑक्सिजन-प्रोपेनच्या ज्योतीत १२ मिलिमीटरच्या पारदर्शक कांडीचं टोक वितळवा आणि ग्राफाइटच्या पट्टीवर दाबून चकती करा. तिच्यावर काळ्या किंवा गडद निळ्या काचेचा पातळ थर वितळवून सपाट बसवा. गडद पाठीवर ओपलचे रंग उठून दिसतात. पांढऱ्या पाठीवर फिके पडतात.

चकतीचा पृष्ठभाग लालसर मऊ असताना खडा तापवलेल्या चिमट्याने मधोमध ठेवा आणि हलकेच दाबा. तळ काचेत रुतला पाहिजे. उघड्या खड्यावर ज्योत थेट मारू नका, तो पांढरा पडतो किंवा चिरतो. चकती ज्योतीच्या टोकापलीकडच्या उष्णतेत फिरवत गरम ठेवा आणि दुसऱ्या हाताने पारदर्शक कांडीचं टोक वितळवायला घ्या.

सगळं कौशल्य इथे लागतं. खड्यापेक्षा चांगला मोठा, ओघळायला आलेला गोळा तयार झाला की तो ज्योतीबाहेर काढा, क्षणभर स्थिरावू द्या आणि बरोबर खड्याच्या माथ्यावर टेकवून खाली दाबा. काच मधून कडांकडे पसरली पाहिजे, म्हणजे हवा बाजूंनी निघून जाते. कडेने सुरुवात केली, तर हवा खड्यावर अडकते. तो बुडबुडा नंतर कितीही आच दिली तरी निघत नाही. जास्तीची कांडी ज्योतीने तोडा. मग सांधा चौफेर, सावकाश वितळवा. आच कडेवर ठेवा, खड्यावर नाही. ओपलवर निदान ३ मिलिमीटर काच असू द्या. काच धगधगत असताना ओपलचा रंग जोखू नका, तो थंड झाल्यावरच कळतो.

गोलाई आली की वर कडी जोडा आणि लोलक लगेच ५६५ अंशांच्या भट्टीत ठेवा. इंचभर लोलकाला तासभर तिथे राहू द्या. मग ताशी साठेक अंशांनी ५०० च्या खाली आणा, भट्टी बंद करा आणि पूर्ण निवेपर्यंत दार उघडू नका.

दुसऱ्या दिवशी लोलक उजेडात फिरवून बघा. खड्याच्या कडेला चकचकीत पापुद्रा दिसला, तर ती तड आहे. असा लोलक कुणाला गळ्यात घालायला देऊ नका.