सीटला तेल नको, सावली दे

अगं, लेदर सीटची गाडी घेतलीस, छान केलंस. आता दुकानात जाऊन कंडिशनरची बाटली उचलण्याआधी एक काम कर. पुढची सीट पूर्ण मागे सरकव, मोबाइलचा टॉर्च लाव आणि सीटच्या खाली, कव्हर फ्रेमला अडकवलेलं असतं तिथली कापलेली कड शोध. कडेला पिंजलेले तंतू दिसले तर ते चामडं. विणलेलं कापड आणि त्यावर प्लॅस्टिकचा पातळ थर दिसला तर ते रेक्झीन. कंपनीच्या कागदावर त्याला लेदरेट म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक ‘लेदर’ सीटच्या गाड्यांत हेच असतं. खऱ्या लेदरच्या गाडीतही बऱ्याचदा अंग टेकतं तेवढाच भाग चामड्याचा आणि बाजू, पाठीमागचा भाग रेक्झीनचा असतो. रेक्झीनमध्ये कंडिशनर शिरत नाही, त्यामुळे तिथं पैसे घालू नकोस. ओल्या फडक्यानं पुसलंस आणि उन्हापासून जपलंस की पुष्कळ झालं.

घरातले सगळे तुला सांगतील, चामडं आहे, थोडं खोबरेल चोळ. ऐकू नकोस. आपल्याकडे वहाणांना आणि मोटेला तेल लावत, ते बरोबरच होतं. ते चामडं बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं आणि वरून उघडं, म्हणून ते तेल पितं. गाडीच्या सीटचं चामडं बहुधा क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं असतं. त्याला लागणारी स्निग्धता कारखान्यातच, मोठ्या पिंपात फिरवताना मुरवतात आणि वरून रंगाचा व पारदर्शक लेपाचा थर चढवतात. त्या थरावर तेल नुसतं बसून राहतं. धूळ धरतं, शिलाईचा दोरा काळा करतं, काही दिवसांनी खवट वास मारतं. शिवाय खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरच्या थंडीत निफाडकडे गेलीस तर सीटच्या बारीक छिद्रांत पांढरे कण दिसतील.

चांगल्या लेदरला मुळात चकाकी नसते. सीट चमकायला लागली की समज, घामाचा आणि अंगाच्या तेलाचा थर बसलाय. वॉशिंग सेंटरवाला डॅशबोर्डचं पॉलिश सीटवर मारायला निघाला तर तिथंच थांबव. त्यानं सीट निसरडी होते आणि खालचा मळ तसाच राहतो.

साफ करताना आधी व्हॅक्यूम, तोही मऊ ब्रश लावून. आपल्या धुळीत बारीक खडी असते; ती न काढता पुसलंस तर फडकं पॉलिश पेपरचं काम करतं. मग लेदरसाठीचा सौम्य क्लीनर फडक्यावर घे, सीटवर थेट फवारू नकोस. छिद्रांची सीट असेल तर पाणी फोममध्ये उतरतं आणि खाली वायरिंग असतं. मऊ ब्रशनं हातभर जागा हलके घास, लगेच ओलसर फडक्यानं पूस, मग कोरड्यानं, आणि पुढच्या जागेकडे वळ. बोअरचं पाणी वापरू नकोस, पांढरे डाग राहतात. घरातल्या आरओ फिल्टरचं चालेल. कपडे धुण्याची पावडर आणि खायचा सोडा लांब ठेव. चामडं किंचित आम्ल असतं, अल्कलीनं ते कडक पडतं. सॅनिटायझर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर रंगच उचलतात.

हळदीचं जरा नीट ऐक. चंदनपुरीला खंडोबाच्या यात्रेला जाशील, भंडारा सीटवर सांडेलच. ओल्या फडक्याला हात लावू नकोस. भंडारा कोरडाच आहे तोवर व्हॅक्यूमनं ओढून घे, उरलेला कोरड्या ब्रशनं झटक. ओला झाला की रंग शिलाईत उतरतो. साबण लावलास तर तो लाल होतो. हळदीत चुना घालून कुंकू करतात, त्याचं कारण हेच. फिकट पिवळा डाग राहिलाच तर खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन-चार दिवस राहू दे, हळदीचा रंग उन्हानं उडतो. मिसळीची तर्री सांडली तर मात्र लगेच टिपून घे, घासू नकोस, आणि वर मक्याचं पीठ भुरभुरवून तासभर ठेव.

द्राक्षबागेतून फवारणीच्या कपड्यांत कुणी गाडीत बसणार असेल तर सीटवर जुनी चादर टाक. बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि चुना दोन्ही असतात. नव्या जीन्सची निळाईही फिकट सीटवर उतरते. ती आठवड्याभरात पुसलीस तर निघते, महिने गेले की हटत नाही.

कंडिशनर वर्षातून दोनदा पुरे. एकदा दिवाळीनंतर हवा कोरडी होते तेव्हा, एकदा मार्चमध्ये ऊन चढण्याआधी. पाण्याचा बेस असलेलं, ऊन अडवणारं घे. फडक्यावर थोडंसं, सीट स्वच्छ आणि कोरडी असताना, आणि अर्ध्या तासानं उरलेलं पुसून काढ. पावसाळ्यात लावू नकोस. इगतपुरी-त्र्यंबककडून भिजून आलीस तर सीट पुसून, काचा थोड्या उघड्या ठेवून गाडी वाळू दे, नाहीतर शिलाईत बुरशी धरते.

यापेक्षा मोठं काम सावली करते. एप्रिल-मेमध्ये बंद गाडी आतून 60 अंशांवर सहज जाते आणि लेदर असो की रेक्झीन, तडे तिथूनच सुरू होतात. पुढच्या काचेला सनशेड लाव. उतरताना सीटच्या कडेवरून घसरू नकोस, उठून उतर. ड्रायव्हर सीटची ती उंच कड सगळ्यात आधी फाटते. आणि वरून जाड कव्हर शिवून घेणार असशील तर आधी सीटच्या बाजूला एअरबॅगची खूण आहे का बघ. असेल तर साधं कव्हर अजिबात घालू नकोस, अपघातात ती बॅग उघडायलाच हवी.